समॅरियम-कोबाल्टचे नॅनोकण: कण केवढा आणि त्यातला चुंबक केवढा (प्रकल्प नोंदी)

9 जून 2025, कलिना, मुंबई

समॅरियम-कोबाल्टचं काम आज हाती घेतलं. मिश्रधातू 1:5 प्रमाणातला, म्हणजे एका समॅरियमला पाच कोबाल्ट. कण बारीक करत नेले तर त्यांचं चुंबकत्व कुठे वाढतं, कुठपर्यंत टिकतं आणि कुठे ढासळतं, हे पाहायचं आहे.

निओडिमियम-लोह-बोरॉन का घेतलं नाही, असं विभागात प्रत्येक जण विचारतो. ते चुंबक 1984 साली जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी स्वतंत्रपणे पुढे आणलं आणि ताकदीत त्याला तोड नाही, हे खरंच. पण त्याचं क्युरी तापमान, म्हणजे ज्यावर चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान, 312 अंश सेल्सिअस, तर समॅरियम-कोबाल्टचं साडेसातशेच्या घरात. त्याहून महत्त्वाची अनायसोट्रॉपी, म्हणजे चुंबकत्वाने स्फटिकातली एकच दिशा धरून ठेवण्याचा हट्ट. निओडिमियमवाल्यात ती घनमीटरमागे सुमारे 5 मेगाज्यूल आहे, समॅरियम-कोबाल्टमध्ये सुमारे 17. आकार कमी करत जायचं तर जिथे हा हट्ट सर्वांत जास्त, तिथूनच सुरुवात केलेली बरी.

दुसरं कारण बाजाराचं. 4 एप्रिलला चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि त्या यादीत समॅरियम आहे. आपल्याकडे विशाखापट्टणमला आयआरईएल या दुर्मीळ मृदा धातूंच्या सरकारी कंपनीचा समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना 2023 मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, वर्षाला 3000 किलो क्षमतेचा. त्या आयआरईएलचं मुख्यालय प्रभादेवीला, सिद्धिविनायकाजवळ आहे. रोज तिथून जाणाऱ्या हजारोंना त्या इमारतीत कशाचा कारभार चालतो हे ठाऊक नसेल. मला मात्र या कामाचा आपल्या शहराशी असा धागा जुळतो याचा मनापासून आनंद वाटतो.

12 जून

कागदावरचं गणित आधी करून घेतलं.

मोठ्या कणात चुंबकत्वाचे वेगवेगळ्या दिशांचे पट्टे असतात, त्यांना डोमेन म्हणतात. कण एका मर्यादेपेक्षा लहान झाला की मध्ये भिंत उभी करणं ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही आणि अख्खा कण एकच डोमेन होतो. लोखंडात ही मर्यादा वीसेक नॅनोमीटर किंवा त्याखाली येते. समॅरियम-कोबाल्टमध्ये ती 700 ते 1000 नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ एक मायक्रोमीटर. बारीक दळलेली पूडसुद्धा इथे एकडोमेनी असू शकते, ही या धातूची मोठी सोय आहे.

खालची मर्यादा उष्णतेची. 1949 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ नील यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, शंभरेक सेकंदांच्या मापनात चुंबकत्व स्थिर दिसायचं असेल तर अनायसोट्रॉपी गुणिले कणाचं आकारमान हा गुणाकार उष्ण ऊर्जेच्या सुमारे 25 पट हवा. 300 केल्व्हिनला आकडे घातले तर लोखंडाचा कण 16 नॅनोमीटरच्या खाली गेला की सुपरपॅरामॅग्नेटिक होतो, म्हणजे त्याचं चुंबकत्व आपोआप उलटसुलट होत राहतं. निओडिमियमवाल्यासाठी हा आकडा साडेतीन नॅनोमीटरच्या आत येतो आणि समॅरियम-कोबाल्टसाठी 2.3.

म्हणजे 2.3 नॅनोमीटरपासून जवळजवळ एक मायक्रोमीटरपर्यंत सगळं मैदान मोकळं. पुस्तकावर विसंबलं तर 5 नॅनोमीटरचा कण खोलीच्या तापमानाला कडक चुंबक असायला हवा. सरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “हे बरोबर आहे. आता असा कण करून दाखवा.”

17 जून

कण करायचे कसे यावर दिवसभर चर्चा झाली. द्रावणातून रासायनिक पद्धतीने कोबाल्टचे कण सहज पडतात, समॅरियम मात्र हाताला लागत नाही. कोबाल्टचं प्रमाणित रिडक्शन पोटेन्शियल उणे 0.28 व्होल्ट, समॅरियमचं उणे 2.3. हा आकडा जितका जास्त उणे, तितकं आयनाचं क्षपण करणं, म्हणजे त्याला धातू करणं, अवघड. नेहमीचे क्षपणक कोबाल्टला धातू करून मोकळे होतात आणि समॅरियम आयनच राहतो. कॅल्शियम घालून उच्च तापमानाला क्षपण करण्याचा मार्ग आहे, पण त्या तापमानाला कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि मागाहून कॅल्शियम ऑक्साइड धुऊन काढताना पाणी लागतं. समॅरियमला पाणी दाखवायची माझी तयारी नाही.

शेवटी सर्फॅक्टंट, म्हणजे कणांना लपेटून चिकटू न देणारं रसायन, घालून बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या भांड्यात, दळायचं ठरलं. तयार मिश्रधातूचे तुकडे, द्रावक म्हणून हेप्टेन आणि सर्फॅक्टंट म्हणून ओलेइक आम्ल. भरणं-काढणं सगळं ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत, आर्गॉनखाली.

25 जून

पहिलं दळण निघालं. भांडं उघडलं तेव्हा तळाशी काळा गाळ होता आणि वर गढूळ हेप्टेन. बाटलीला बाहेरून चुंबक लावला तर गाळ एकदम भिंतीकडे सरकतो आणि तिथे काटे उभे राहतात. वरचं गढूळ द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, राहिलेलं परत जास्त वेगाने फिरवलं. अगदी शेवटी उरलं ते फिकट तपकिरी द्रव. त्याला चुंबक लावला तर काहीच हललं नाही, बराच वेळ धरून ठेवल्यावर भिंतीवर जेमतेम सावली दिसली.

एकाच भांड्यातून असे तीन गट निघतात: जाड, मधला, बारीक. आकाराचा परिणाम पाहायला हे फार सोयीचं, कारण मूळ धातू एक, दळण एक, सर्फॅक्टंट एक. मिलच्या पोलादी गोळ्यांमधून लोह येतं, ते तपासणीत वेगळं धरावं लागेल.

2 जुलै

क्ष-किरण विवर्तन, म्हणजे स्फटिकाने वळवलेल्या किरणांच्या शिखरांवरून त्याची रचना ओळखणं. तांब्याच्या नळीवर कोबाल्टचा नमुना लावला की पार्श्वभूमी वर उचलली जाते, कारण तांब्याच्या किरणांनी कोबाल्ट स्वतःच चमकू लागतो. त्या उंचावलेल्या जमिनीवर 1:5 ची शिखरं शोधायची. मोजणीचा वेळ वाढवला तेव्हा 30.5 अंशांजवळचं शिखर नीट दिसलं.

जाड गटाच्या त्या शिखराची रुंदी 0.8 अंश. रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात घातली तर आकार येतो 10 नॅनोमीटर. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हेच कण पसरट पापुद्रे दिसतात, अर्ध्या मायक्रोमीटरचे. दोन्ही मोजमापं बरोबर आहेत. शेरर सांगतो तो सलग स्फटिकाच्या तुकड्याचा आकार, आणि एका पापुद्र्यात असे असंख्य तुकडे असतात. शिवाय दळताना स्फटिकाला बसलेला ताणही शिखर रुंद करतो. शोधनिबंधात “कणाचा आकार 10 नॅनोमीटर” असं वाचलं की इथून पुढे मी आधी तो कशाने मोजला हे बघणार आहे.

11 जुलै

आमच्या व्हीएसएमवर जाड गटाचा लूप घेतला, म्हणजे क्षेत्र वाढवत आणि उलटं करत नेताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख. हे यंत्र नमुना हलवून त्याचं चुंबकत्व मोजतं आणि क्षेत्र 2 टेस्लापर्यंत देतं. लूप सुरेख दिसतो, पण तो अपुरा आहे. समॅरियम-कोबाल्टचं अनायसोट्रॉपी क्षेत्र, म्हणजे चुंबकत्वाला त्याच्या धरलेल्या दिशेवरून जबरदस्तीने वळवायला लागणारं क्षेत्र, 40 टेस्लाच्या आसपास आहे. 2 टेस्लाने काही कण उलटतात, बरेचसे उलटतच नाहीत, आणि मिळतो तो आतला छोटा लूप. त्यावरून वाचलेली कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र, खऱ्यापेक्षा कमी येते. या कामासाठी निदान 9 टेस्लाचं यंत्र हवं, म्हणून कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) विनंती पाठवली. दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकत्वावर तिथे कित्येक दशकं काम झालेलं आहे.

एमएस्सीच्या प्रकल्पाला आलेल्या मुलीने विचारलं, “दादा, पूड मेणात का बसवायची? तशीच भरली तर?” तशीच भरली तर क्षेत्र उलटं केल्यावर कण जागच्या जागी वळतात. आपण मोजतोय ते चुंबकत्वाचं वळणं की अख्ख्या कणाचं, हे मग सांगता येत नाही आणि लूपला कंबर पडते. तिला दोन्ही प्रकारे मोजायला लावलं. सुट्या पुडीच्या लूपमधला खड्डा पाहिला तेव्हा तिला एका नजरेत पटलं.

22 जुलै

पवई. आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात मधल्या आणि बारीक गटाचं टीईएम, म्हणजे कणांच्या आरपार पाहणारं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन. अर्जातच विचारतात की नमुना चुंबकीय आहे का, आणि ते विचारायलाच हवं. भिंगाच्या क्षेत्रात सुटा कण उडून भिंगाच्या ध्रुवाला चिकटला तर यंत्राचं कायमचं नुकसान. आमचे कण कार्बनच्या पातळ पडद्यात नीट बसवून नेले होते.

मधला गट 20 नॅनोमीटरच्या आसपास, आकार वेडेवाकडे. बारीक गट 5 नॅनोमीटरचा, बराचसा गोल. एका कणावर यंत्र चालवणाऱ्या मॅडमनी फोकस हळूहळू फिरवत नेला. मध्यभागी स्फटिकाच्या समांतर रेषा स्पष्ट दिसत होत्या, कडेकडे त्या विरत गेल्या आणि सगळ्यात बाहेर रेषाच नव्हत्या, नुसती करडी किनार. मॅडम म्हणाल्या, “मोजायचं कुठपासून कुठपर्यंत, ते तुम्ही ठरवा.” किनारीसकट 5 येतात, रेषांपुरते मोजले तर 3 च्या थोडं वर. परत येताना कांजूरमार्गपर्यंत डोक्यात तोच विचार चालू होता.

6 ऑगस्ट

कुलाब्याहून 9 टेस्लाचे लूप आले. खोलीच्या तापमानाला जाड गटाची कोअर्सिव्हिटी 1.6 टेस्ला, मधल्याची 0.3, आणि बारीक गटाचा लूप बंदच: जाणारी आणि येणारी रेघ एकमेकींवर.

पुस्तकातल्या 2.3 नॅनोमीटरच्या सीमेपासून आमचा 5 चा कण दुपटीहून लांब आहे. तरी त्याने दिशा सोडली. घसरण तर 20 नॅनोमीटरलाच दिसते, जिथे उष्णतेचा काही संबंध नाही.

आज बराच वेळ यावर सरांशी बोलणं झालं. समॅरियम-कोबाल्टचा हट्ट येतो कुठून, याकडे परत जावं लागतं. कोबाल्टची चुंबकत्वं एकमेकांना घट्ट बांधून ठेवतात, त्यामुळे क्युरी तापमान इतकं वर जातं. पण दिशेचा आग्रह समॅरियमचा. त्याच्या आतल्या कवचातल्या 4एफ इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसून लांबोडा आहे, आणि भोवतालच्या अणूंच्या विद्युत क्षेत्रात तो एकाच पद्धतीने नीट बसतो. चुंबकत्व त्या ढगाला जखडलेलं असतं. आता हाच समॅरियम पृष्ठभागावर असला तर एका बाजूचे शेजारी गायब. क्षेत्राची मांडणीच मोडते, मग ढगाने कुठल्या दिशेचा आग्रह धरायचा? आणि तिथे ऑक्सिजन पोचला तर प्रश्नच संपला: समॅरियम ऑक्साइड होऊन बाहेर पडतो आणि मागे कोबाल्ट सुटा राहतो. सुटा कोबाल्ट चुंबक आहे, पण मऊ.

7 ऑगस्ट

कालच्या बोलण्यावरून एक तक्ता केला. समजा, कणाच्या भोवती एक नॅनोमीटर जाडीचा थर चुंबकाच्या दृष्टीने वाया गेला. 100 नॅनोमीटरच्या कणात 94 टक्के आकारमान शाबूत राहतं. 20 च्या कणात 73 टक्के. 5 च्या कणात फक्त 22 टक्के. थर दीड नॅनोमीटरचा धरला तर 5 च्या कणात उरतो 2 नॅनोमीटरचा गाभा, म्हणजे 2.3 च्या खाली, आणि सुपरपॅरामॅग्नेटिक.

मोठ्या बटाट्याची साल जाड निघाली तरी भाजी होते, लिंबाएवढ्याची तेवढीच जाड काढली तर हातात काय राहणार? एमएस्सीच्या मुलीला असंच सांगितलं.

या तक्त्याने माझा प्रश्नच बदलला. आतापर्यंत मी कणाचा आकार आणि चुंबकत्व यांचा आलेख काढत होतो. आडव्या अक्षावर खरं तर कणातल्या शाबूत चुंबकाचा आकार हवा, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजता येत नाही.

21 ऑगस्ट

गेले काही दिवस पावसाने मुंबई बंद पाडली. परवा मध्य आणि हार्बर मार्गावर गाड्याच थांबल्या होत्या. प्रयोगशाळेत जवळ राहणारेच पोचले. वर्कशॉपचे काका कुर्ल्याहून पाणी तुडवत आले आणि आधी आर्गॉनचा सिलिंडर तपासला. ग्लोव्हबॉक्समधला ऑक्सिजन दशलक्षात एका भागाच्या खाली राहिला, हे त्यांच्यामुळे.

हवेचा प्रयोग मुद्दाम या ओल्या दिवसांत लावला होता. तिन्ही गटांचा थोडा थोडा भाग सुकवून उघड्या ताटलीत ठेवला, बाकीचा आर्गॉनखाली. बाजूला ठेवलेली निळी सिलिका जेल एका रात्रीत गुलाबी झाली, यावरून हवेची कल्पना यावी. (पूड सुकवताना सावध राहायला हवं. कोरडी बारीक पूड हवेत स्वतःहून पेट घेऊ शकते. म्हणून आधी आर्गॉनमध्ये सुकवायची आणि हवा अगदी हळूहळू आत सोडायची.)

जाड गटावर आठवडाभरात फारसा फरक नाही. मधल्याची कोअर्सिव्हिटी निम्म्याच्या खाली आली आणि लूपला शून्य क्षेत्राजवळ पायरी पडली, म्हणजे कडक भागाबरोबर आता मऊ भागही आहे. सुट्या कोबाल्टची ती खूण. बारीक गटाचा लूप आधीच बंद होता, त्यामुळे खोलीच्या तापमानाला त्यातून काही कळायचं नाही. तो थंड करून पाहावा लागेल.

4 सप्टेंबर

गणपतीत अनेक जण गावी गेल्याने कुलाब्याच्या यंत्रावर लवकर स्लॉट मिळाला. हवेपासून जपलेला बारीक गट शून्य क्षेत्रात थंड केला, मग अगदी लहान क्षेत्र लावून तापवत नेला. चुंबकत्व वाढत गेलं आणि 120 केल्व्हिनला शिखर आलं. त्याखाली कण दिशा धरून असतात, त्यावर सोडतात. शिखर जरा मोठ्या कणांच्या बाजूला झुकतं हे लक्षात ठेवायचं. कण मेणात विरळ पसरले होते, म्हणजे एकमेकांवरचा प्रभाव कमी.

आता उलटं गणित. 120 केल्व्हिनवरून अनायसोट्रॉपी आणि आकारमान यांचा गुणाकार मिळतो, दोघं वेगवेगळे मिळत नाहीत. सगळा 5 नॅनोमीटरचा कण चुंबक धरला तर अनायसोट्रॉपी येते 0.63 मेगाज्यूल, म्हणजे मूळ धातूच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी. अनायसोट्रॉपी मूळचीच, 17 धरली, तर चुंबक उरतो जेमतेम 1.7 नॅनोमीटरचा. दोन टोकं मिळाली. खरं उत्तर मध्ये कुठेतरी आहे, पण या एका मोजमापातून ते निघत नाही.

12 सप्टेंबर

मधलं उत्तर काढायला संपृक्त चुंबकत्व, म्हणजे क्षेत्र कितीही वाढवलं तरी ज्याच्या वर जात नाही ते चुंबकत्व, उपयोगी पडलं. आधी आर्गॉनमध्ये तापवून वजन किती घटतं ते पाहिलं आणि ओलेइक आम्लाचा वाटा वजा केला. उरलेल्या धातूमागे चुंबकत्व आलं ग्रॅमला 30 इएमयू (चुंबकत्वाचं एकक). मूळ धातूचं सुमारे 100. म्हणजे आकारमानाचा 30 टक्के भागच चुंबक आहे. 5 नॅनोमीटरच्या कणात तो 3.3 नॅनोमीटरचा गाभा होतो. पवईला रेषा जिथपर्यंत दिसल्या होत्या, त्याच्याशी हे जुळतं! हे आकारमान धरलं तर अनायसोट्रॉपी येते 2.1 मेगाज्यूल.

दोन गोष्टी अजून सोडवायच्या आहेत. 9 टेस्लातही नमुना पुरता संपृक्त होत नाही, त्यामुळे 30 हा आकडा थोडा कमी असणार. आणि जपलेल्या नमुन्यातही दळताना थोडा कोबाल्ट सुटा झाला असेल तर तोच आकडा फुगलेला असणार. चुका एकमेकींच्या उलट दिशेने आहेत म्हणून त्या एकमेकींना खातील असं धरून चालणार नाही.

23 सप्टेंबर

बारीक गटाचा 5 केल्व्हिनचा लूप. खोलीच्या तापमानाला मिटलेला लूप इथे पूर्ण उघडला, जवळजवळ जाड गटाइतका. म्हणजे या कणांत कडक चुंबक आहे, तो उष्णतेपुढे टिकत नाही एवढंच. आणि शून्य क्षेत्राजवळ छोटी पायरीही आहे. तिची उंची एकूण चुंबकत्वाच्या एक तृतीयांश. हा वाटा सुट्या कोबाल्टचा धरून वजा केला तर कडक भागाचं चुंबकत्व राहतं 20 इएमयू, गाभा होतो 2.9 नॅनोमीटरचा आणि अनायसोट्रॉपी 3.2 मेगाज्यूल, मूळ धातूच्या सुमारे एक पंचमांश.

सरांचं म्हणणं, पोलादी गोळ्यांमधलं लोहही या पायरीत मिसळलेलं असू शकतं, तेव्हा टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात पुन्हा दळा. ते पटलं. भांडं काकांकडे स्वच्छ करायला दिलं आहे. त्याबरोबर नव्या दळणाचा बारीक गट हवा अजिबात न लागू देता क्वार्ट्झच्या नळीत आर्गॉनखाली सील करून थेट कुलाब्याला न्यायचा. त्यात पायरी नाहीशी झाली आणि गाभा मोठा निघाला, तर आमच्या 5 नॅनोमीटरच्या कणांना ऑक्सिजनने खाल्लं आणि त्यांना चांगलं आवरण देऊन वाचवता येईल. पायरी गेली तरी अनायसोट्रॉपी 3 च्या आसपासच राहिली, तर दोष पृष्ठभागावरच्या समॅरियमच्या मोडलेल्या शेजाराचा आहे, आणि तो आवरणाने भरून निघेल की नाही हे आवरण कोणत्या अणूंचं आहे त्यावर ठरेल. त्यासाठी पहिली निवड कोबाल्टची पातळ खोळ. तिचा हिशेब उद्यापासून.